सोसलं म्हणजे झालं का?

एक सवाल बरेच दिवस डोक्यात भुंग्यासारखा फिरतोय. ज्यानं जुलूम सोसला तो माणूस आपोआप न्यायाच्या बाजूला उभा राहतो का? सभेत बोलताना आपण तसंच धरून चालतो. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं म्हणतो नि टाळी घेतो. मला आता तेवढी खात्री राहिली नाही. म्हणून एका आयरिश शिपायाची गोष्ट काढतो.

जॉन बॉईल ओ'रायली. जन्म 1844, आयर्लंडातलं डाउथ गाव. पुढच्याच वर्षी तिथं बटाट्यावर रोग पडला नि दुष्काळ सुरू झाला. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं नि रोगराईनं मेली. तेवढीच किंवा जास्तच देश सोडून गेली. आणि त्याच वर्षांत आयर्लंडचं धान्य जहाजात भरून इंग्लंडला जात होतं. पोराची शाळा लवकर सुटली. छापखान्यात उमेदवारीला लागला, मग इंग्लंडात प्रेस्टनला गेला, तिथंही छापखानाच. प्रेस्टन म्हणजे गिरणगाव. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, गुलामांनी पिकवलेला कापूस यायचा बंद झाला, नि लँकेशायरचे माग थंड पडले. तेव्हा हा तिथंच होता.

1863 साली परत येऊन तो राणीच्या घोडदळात भरती झाला. इमानाची शपथ घेतली. दोन वर्षांत दुसरी शपथ घेतली, फेनियन लोकांची, आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची. बराकीत राहून आयरिश शिपाई आपल्या बाजूला वळवायचे, हे त्याचं काम. 1866 साली पकडला गेला. लष्करी कोर्टानं मृत्युदंड दिला, मग वय कमी म्हणून वीस वर्षांची सक्तमजुरी केली.

तो गद्दार होता का? शपथ मोडली, हे खरंच. पण दुसऱ्याचा देश गिळून बसलेल्यानं इमान मागायचं कुठल्या तोंडानं? एकानंच लिहिलेला करार, त्यावर दुसऱ्याचा नुसता अंगठा. तो मोडला म्हणून मला काही त्याला दोष द्यावासा वाटत नाही. ही बाब सोपी आहे. अवघड बाब पुढं आहे.

ऑक्टोबर 1867. हूगोमाँट जहाजात 280 कैदी भरले, त्यात 62 फेनियन. ऑस्ट्रेलियाला कैदी घेऊन गेलेलं हे शेवटचं जहाज. या लोकांनी जहाजावर काय करावं? हातानं लिहून अंक काढला! नाव 'द वाइल्ड गूज', रानहंस. परमुलखात लढायला गेलेल्या आयरिश शिपायांना तिकडं रानहंसच म्हणतात. सात अंक निघाले. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ओ'रायली त्यात लिहायचा. स्टेन्सिल कापताना हात शाईनं बरबटलेल्या आपल्याला यातलं मोल सांगायला नको.

ऑस्ट्रेलियात बनबरीजवळ रस्त्याच्या कामावर त्याला जुंपला. 1869 साली मॅक्केब नावाच्या पाद्र्याच्या मदतीनं तो पळाला, व्हेल मारणाऱ्या अमेरिकन जहाजातून सुटला, नि वर्ष संपायच्या आत अमेरिकेला लागला. मग बोस्टन. तिथल्या आयरिश लोकांच्या 'पायलट' पत्रात कामाला लागला, पुढं संपादक झाला. मागं राहिलेल्यांना विसरला नाही. 1876 साली 'कॅटाल्पा' जहाज पाठवून सहा फेनियन कैदी सोडवले, त्या बेतात त्याचा सल्ला होता.

पण हे झालं आपल्या माणसांसाठी. तेवढं कुणीही करतो.

आता त्या अमेरिकेतले आयरिश बघा. दुष्काळातून पळून आलेले, गोदीत ओझी वाहणारे, गोऱ्या मालकांच्या शिव्या खाणारे. जुलै 1863 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या लष्करभरतीवरून दंगल झाली. 300 डॉलर भरले की श्रीमंताला सूट, गरिबानं मरायला जायचं. राग खरा होता. पण तो राग निघाला काळ्या लोकांवर. त्यांना भर रस्त्यात लटकावलं, त्यांच्या पोरांचा अनाथाश्रम जाळला. त्या जमावात आयरिश मजूर पुढं होते. ज्यांचं जळलं होतं तेच जाळत होते.

आणि जॉन मिचेल. आयर्लंडसाठी 1848 साली हद्दपार झालेला, लेखणीचा वाघ. तोही ऑस्ट्रेलियाकडच्याच एका बेटावरून पळून अमेरिकेत आला. आला नि त्यानं उघड लिहिलं की गुलाम बाळगणं हा गुन्हा नाही. यादवीत त्याचे दोन मुलगे गुलामवाल्यांच्या बाजूनं लढताना मेले. जोतिबांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना मोकळं करायला झीज सोसली. बरोबर माणसं निवडली. पण मिचेलही त्याच अमेरिकेत राहत होता, हे आपण ध्यानात ठेवायला पाहिजे.

ओ'रायली नि मिचेल. दोघांना इंग्रजांनी घराबाहेर काढलं, दोघं समुद्रापार फेकले गेले, दोघं पळाले. मग फरक कुठं पडला? 'पायलट'नं पूर्वी गुलामी मोडणाऱ्यांना विरोधच केला होता, नि वाचक तेच आयरिश. त्यांच्या पैशावर पोट भरणाऱ्या ओ'रायलीनं त्याच पत्रात काळ्यांच्या हक्कांची बाजू घेतली. 1885 साली त्यांच्या सभेत जाऊन बोलला. 1888 साली बोस्टनमध्ये क्रिस्पस ॲटक्सचं स्मारक उभं राहिलं. 1770 साली इंग्रजांच्या गोळीनं पहिला पडला तो हा काळा माणूस. त्या प्रसंगाची कविता ओ'रायलीची.

मला वाटतं, फरक जखमेत नव्हता. मिचेलनं आपली जखम जपून ठेवली, एखाद्या वतनासारखी. ओ'रायली चोर-खुन्यांबरोबर राबला नि त्यांच्यात माणूस बघायला शिकला. त्याच्या 'मूनडाईन' कादंबरीचा नायकही कैदीच आहे. सोसणं दोघांच्या वाट्याला आलं. त्याचं काय करायचं, हे ज्यानं त्यानं ठरवलं.

आता त्याला देव करू नका. हाच माणूस बायकांच्या मताधिकाराच्या विरोधात होता. एवढं बघणाऱ्या डोळ्याला घरातली बाई दिसली नाही. 1890 साली तो मेला. आयर्लंड पुन्हा दिसलं नाही.

हे सगळं का लिहिलं ते सांगतो. आमच्या खात्यात झाडलोट करणारा एक पोरगा आहे, आपल्याही खालची समजतात त्या जातीचा. परवा रात्रपाळीला तो पाण्याच्या पिंपाकडं आला. आपल्यातलाच एकजण, जयंतीला पुढं नाचणारा, म्हणाला, "तू थांब रे, आमचं झाल्यावर." पोरगा थांबला. मी तिथंच होतो. हातात पेला होता. मी पाणी प्यालो नि मागावर गेलो. काही बोललो नाही.

त्या रात्री मी कुणाच्या बाजूला होतो, हे मला कळलंय. आज पुन्हा रात्रपाळी आहे. तो पोरगाही असणार.