पालघर, तलवाडा आणि गोळीचा नेम

१३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने निःशस्त्र जमावावर १६५० फैरी झाडल्या. सरकारी हिशेबाने ३७९ माणसे मेली. लोकांनी मोजलेला आकडा त्याहून खूप मोठा होता. डायरने पुढे हंटर समितीसमोर सांगितलेला हेतू मला या आकड्यांइतकाच भयंकर वाटतो. नुसता जमाव पांगवणे त्याला पुरेसे नव्हते, साऱ्या पंजाबला जरब बसवायची होती. गोळी समोरच्याला लागते. तिचा खरा नेम तिथे नसलेल्यांवर असतो. म्हणून अशा हत्याकांडाचे इतिहासातले मोल दोन प्रश्नांवर ठरते. ती जरब बसली का? आणि मेलेली माणसे जे मागत होती, त्याचे पुढे काय झाले?

वसई तालुक्यातल्या मनवेलपाड्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला ही उत्तरे शोधायला पंजाबपर्यंत जावे लागत नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात तीन वर्षांच्या अंतराने असे दोन गोळीबार झाले.

पहिला १४ ऑगस्ट १९४२ चा. ‘चले जाव’चा ठराव होऊन आठवडाही उलटला नव्हता. किनाऱ्यावरच्या गावांतून निघालेला मोर्चा पालघरच्या मामलेदार कचेरीवर गेला आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सालवडचे सुकुर गोविंद मोरे आणि पालघरचे रामचंद्र भीमाशंकर तिवारी असे पाच जण हुतात्मा झाले. त्यांची मागणी स्पष्ट होती: परकी सत्ता जावी. पाच वर्षांत ती गेली. पालघरच्या हुतात्मा चौकात त्यांचा स्तंभ आहे आणि १४ ऑगस्टला गाव तिथे जमते.

दुसरा गोळीबार १० आणि ११ ऑक्टोबर १९४५ चा, तलवाड्याचा. इथली माणसे वारली आदिवासी होती. जमीन सावकार-जमीनदारांच्या घशात गेलेली, वेठबिगारी पिढ्यान्‌पिढ्यांची. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको जन्मभर मालकाकडे राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत वारल्यांनी ही वेठ मोडायचे ठरवले. पावसाळा सरला तशी गवतकापणीच्या मजुरीसाठी संपाची हाक गेली: ५०० पौंड गवताला अडीच रुपये. तेवढ्यात वारल्यांना संघटित करणाऱ्या लाल बावट्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर तलवाड्याला येणार, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी आवई उठवली गेली. आपल्या गोदाराणीसाठी हजारो वारली रातोरात तिथे जमले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी मारले गेले. तरी लोक पांगेनात. बाईंनी बोलावलेय, त्या आल्याशिवाय हलायचे नाही, एवढेच ते जाणत होते. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सारे आले आहे.

मालक दिसला की अंग चोरणारी माणसे बंदुकीपुढे बसून राहिली, यातच तलवाड्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे. जरब बसली नाही. संप टिकला आणि जमीनदारांना मजुरीचा दर मान्य करावा लागला. साम्राज्याचा अंत आपण बहुधा दिल्ली-लंडनच्या वाटाघाटींत शोधतो. पण ज्यांच्या भीतीवर गावोगावचा कारभार चालत होता त्यांनीच भिणे सोडल्यावर कोणते राज्य टिकणार होते?

दोन्हीकडे पाचच जण गेले, पण जिल्ह्याच्या आठवणीत दोघांचे स्थान सारखे नाही. पालघरचे हुतात्मे साऱ्या गावाचे झाले. तलवाड्याचे अजून आदिवासी पाड्यांचे आणि लाल बावट्याचेच राहिले आहेत. मला याचे कारण उघड दिसते. पालघरला गोळी झाडणारी सत्ता परकी होती आणि ती निघून गेली. तलवाड्याला बंदुकीमागे जमीनदारही उभा होता, आणि तो आपल्यातलाच होता. परक्याच्या अन्यायाचे स्मारक बांधणे सोपे असते. स्वकीयांचा अन्याय आठवायचा तर आपली जमीन, आपली मजुरी, आपले हिशेब उघडावे लागतात.

ते हिशेब मिटलेले नाहीत. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. त्यानंतरही आमच्या वसई तालुक्यात वेठबिगार होते; त्यांच्या मुक्तीच्या लढ्यातूनच १९८२ साली विवेक पंडितांची श्रमजीवी संघटना उभी राहिली. म्हणजे तलवाड्याची मागणी स्वातंत्र्यानंतर ३५ वर्षांनीही इथे नव्याने करावी लागली. पाऊस थांबला की आजही आदिवासी कुटुंबे उचल घेऊन घर सोडतात आणि वीटभट्ट्यांवर राबतात. ती उचल फिटेपर्यंत त्यांच्या मर्जीला किती किंमत उरते?

म्हणून १४ ऑगस्ट आणि १० ऑक्टोबर हे दोन्ही दिवस साऱ्या जिल्ह्याने मिळून पाळावेत, शाळांत दोन्हींचा इतिहास शिकवावा, असे मला वाटते. पालघरच्या पाच जणांचे ऋण मानवंदनेने फेडता येईल. जेठ्या गांगडांचे फेडायचे तर मजुराला पुरे दाम मोजावे लागतील आणि कर्जाच्या धाकाने कुणाला राबवून घेणे कायमचे थांबवावे लागेल.