आरोग्य : दान की देणे?

आषाढीस पंढरपुरी येणाऱ्या यात्रेकरूसाठी आपल्या समाजाने धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रे घातली; आणि या दानशीलतेचा आपणांस रास्त अभिमान वाटतो. परंतु तोच यात्रेकरू गावी परतून दुखण्याने अंथरुणास खिळला, तर त्याच्या उपचाराचा भार कोणी वाहावा? हा प्रश्न दिसावयास अर्थशास्त्राचा, पण मुळात नीतीचा आहे.

दान थोर खरे; तथापि ते दात्याच्या मर्जीवर अवलंबून असते आणि घेणाऱ्यास मान खाली घालावयास लावते. विम्याचे तत्त्व निराळे. आजार कोणाच्या घरी येईल हे कोणासच ठाऊक नसते. म्हणून सर्वांनी यथाशक्ति द्यावे आणि प्रसंग येईल त्याने निःसंकोच घ्यावे. दिंडीतील वारकरी भिशी भरतो व पंगतीस ताठ मानेने बसतो, त्यातलाच हा प्रकार.

पैशावाचून कोणी उपचारास मुकू नये, हे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू लागली. २०२३ साली ती सर्व कुटुंबांस लागू करण्याचा व वार्षिक मर्यादा ५ लक्ष रुपये करण्याचा निर्णय झाला. 'हे सारे फुकट' असे सुशिक्षित माणूस सहज म्हणून जातो. पण साबणाच्या वडीवरही कर भरणारा मजूर सरकारी तिजोरीत आपली भिशी घालतच असतो, याचा त्यास विसर पडतो.

मात्र हक्क कागदावर उतरला म्हणजे हाती आला असे नव्हे. योजनेचा मुख्य भर रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या ठरावीक उपचारांवर आहे. मधुमेह्याची रोजची गोळी बहुधा पदरच्याच पैशाने येते. शिवाय योजनेतले रुग्णालय दूर असले, तर तेथवर जाण्यात मजुरी बुडते ती निराळीच.

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे; परंतु त्यांच्या ज्ञातिबांधवांस आत प्रवेश मिळावा म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. पायरीपर्यंत येऊ देणे म्हणजे दर्शन घडविणे नव्हे, हे पंढरपुरास वेगळे सांगावयास नको. रुग्णालयाच्या पायरीवर कार्ड हाती घेऊन तिष्ठणाऱ्या माणसाकडे आपण याचक म्हणून पाहतो की सहभागीदार म्हणून, यावरच आपल्या नीतीची परीक्षा व्हावयाची आहे.