'पुनः' या पूर्वपदाविषयी

दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी वसविलेल्या मुक्तिसदनात १९०५ च्या जूनअखेरीस जे घडले, त्याला इंग्रजी धर्मेतिहासात 'रिव्हायव्हल' हे एकच नाव आहे. दीर्घ प्रार्थना, पश्चात्तापाचे रुदन, अग्नीच्या भाषेत आपला अनुभव सांगणाऱ्या मुली. मिनी अब्राम्स यांच्या १९०६ मधील पुस्तिकेमुळे ही वार्ता दूरदेशी पोहोचली. मराठीत मात्र या एका नावासाठी 'पुनरुज्जीवन', 'उज्जीवन', 'संजीवन', 'नवजीवन' असे अनेक शब्द पुढे येतात, आणि त्यांतील प्रत्येक शब्द निराळीच गोष्ट कबूल करतो.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'पुनरुज्जीवन' हा शब्द थोडा अघळपघळच आहे. 'उज्जीवन' म्हणजेच पुन्हा जिवंत होणे. मग 'पुनः' कशासाठी? परंतु हे पूर्वपद निरुपद्रवी नाही. पूर्वी जे होते ते जीवन होते, आणि ते परत यावे इतके मोलाचे होते, असा निर्णय ते गुपचूप देऊन टाकते. देवळाच्या जीर्णोद्धारात तो निर्णय खटकत नाही. शिखर झिजले तरी अधिष्ठान तेच असते. माणसाच्या बाबतीत मात्र तो कोणी दिला, हे विचारावे लागते. मुक्तिसदनात आलेल्यांत १८९६-९७ च्या मध्य प्रांतातील आणि १९०० च्या गुजरातमधील दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या, बालविधवा होत्या. त्यांनी पुन्हा कोणत्या जीवनाकडे जावयाचे होते?

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो बिनतोड आहे. ख्रिस्ती परिभाषेत 'रिव्हायव्हल' हे आधीच श्रद्धावंत असलेल्यांचे मंदावलेल्या विश्वासातून जागे होणे असते. 'पुनः' तेथे सामाजिक पूर्वस्थितीविषयी बोलतच नाही. हे मान्य केले तरी शब्द दोन वह्यांत एकाच वेळी नोंदला जातो, ही अडचण उरतेच. मराठी वैचारिक वाङ्मयात 'पुनरुज्जीवनवादी' ही संज्ञा रूढ झाली ती प्राचीन परंपरेची पुनःस्थापना इच्छिणाऱ्यांसाठी. म्हणजे १८९३ मध्ये शारदासदनावर धर्मांतराचा आरोप करून मुली काढून घेण्यात आल्या, त्या वादात ज्यांची बाजू रमाबाईंच्या विरुद्ध होती, त्यांच्यापैकी अनेकांसाठी. 'प्रबोधन' हा शब्द दुसऱ्या पक्षाला मिळाला. केडगावच्या घटनेला 'पुनरुज्जीवन' म्हणताच ती नकळत आपल्या विरोधकांच्या पंगतीत जाऊन बसते.

मग 'नवजीवन' म्हणावे काय? हा शब्द उदार वाटतो, पण त्याचा निष्ठुरपणा अधिक आहे. मुलीची आई, तिची बोली, तिचे गाव, हे सारे तो शून्यवत् करतो. खुद्द रमाबाई अशा नव्हत्या. पुराणिकाच्या घरची संस्कृत विद्या त्यांनी टाकून दिली नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलाचे मराठी भाषांतर केले, तेव्हा सामान्य स्त्रीला कळावी अशी भाषा योजिली. जुने सारे नष्ट झाल्यावर नवे उगवते, असे त्यांच्या चरित्रात कोठे दिसत नाही. दौंड-शिरूरच्या उसाच्या रानात शेतकरी 'लागण' आणि 'खोडवा' यांत भेद करतो: नवे बेणे लावले ती लागण, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटला तो खोडवा. खोडव्याला बेण्याचा खर्च नाही, पण उत्पन्न सहसा कमी. दोहोंत पाप-पुण्य नाही. कोणते पीक कोठून आले एवढे मात्र लपवले जात नाही.

उरतो 'संजीवन'. कचाच्या कथेत शुक्राचार्यांच्या विद्येने कच तीनदा जिवंत होतो. पहिल्या दोन वेळा तो जसाच्या तसा परततो. तिसऱ्यांदा गुरूच्या पोटातून बाहेर येतो. कच तोच, पण देवयानीशी त्याचे नाते आता तेच राहिलेले नाही: तो तिच्या पित्यापासून जन्मला, म्हणून तो विवाहाला नकार देतो. देवयानी शाप देते, कचही देतो. जिवंत करणाऱ्याचे ऋण जिवंत झालेल्याचे पूर्वीचे नातेसंबंध बदलून टाकते, हे 'पुनः' आणि 'नव' या दोन्ही पदांच्या हाती लागत नाही. देवयानीची तक्रार खरी होती, कचाचे उत्तरही खोटे नव्हते. मुक्तिसदनातून काढून नेलेल्या, परत गेलेल्या, तेथेच राहिलेल्या मुलींच्या बाबतीत ही तक्रार कोणाची आणि उत्तर कोणाचे, याविषयी १९०५ च्या वृत्तांतांत फारसे काही सापडत नाही. त्यांत बोलतात त्या बहुधा लिहिणाऱ्या मिशनरी स्त्रिया. रमाबाईंचे भाषांतर त्यांच्या १९२२ मधील निधनापूर्वी पुरे झाले आणि १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यात, त्या संस्थेतील स्त्रियांच्या हातून छापले गेले.