हमीभाव

शेतमालाच्या हमीभावाशी या लेखाचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. माझा हमीभाव वेगळा. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय असे आठ स्थायीभाव सांगितले. त्यात हमीभाव नाही. याचे कारण उघड आहे. मुनींनी कधी परदेशातून लॅपटॉप मागवला नव्हता.

हमीभाव म्हणजे खोक्यातून निघालेले वॉरंटी कार्ड नीट घडी घालून ठेवताना गृहस्थाच्या चेहऱ्यावर पसरतो तो. आता जगात काहीही होवो, आपला मिक्सर सुरक्षित आहे, असा तो भाव. आमच्या घरी एक पत्र्याचा डबा अशा कार्डांनी भरला आहे. त्यातला फ्रिज केव्हाच भंगारात गेला, पंखा पुराच्या वर्षी गेला, आणि एका इस्त्रीचे तर कार्ड आहे पण इस्त्री आमच्याकडे कधी होती हे कुणालाच आठवत नाही. वस्तू नश्वर आहे, कार्ड अमर आहे, एवढे अध्यात्म त्या डब्याने मला फुकट शिकवले. पुढचा धडा मात्र भाच्याच्या लॅपटॉपने शिकवला.

भाच्याला लॅपटॉप हवा होता. साधा नव्हे, गेमिंगचा. आणि तोही दुकानात मांडलेला नव्हे, अंगाचे माप देऊन शिवून घेतल्यासारखा. आमच्या पिढीत माप देऊन शिवायची वस्तू म्हणजे लग्नातला सूट, आणि तोही शेवटी दुसऱ्याच्या मापाचा निघायचा. इथे तसे नाही. प्रोसेसर आपण निवडायचा, ग्राफिक्सची चिप आपण निवडायची, मेमरी किती, पडदा कसा, इतकेच काय, चिपची उष्णता वाहून जावी म्हणून तिच्या डोक्यावर जो लेप लावतात तो कुठला, हेही आपणच सांगायचे.

"चंदनाचा मिळतो का रे?" मी विचारले.

"मामा, तुला काही सांगण्यात अर्थ नाही," तो म्हणाला, आणि पुढे अर्धा तास सांगत राहिला.

त्यातून मला कळले ते असे. माप घेऊन लॅपटॉप देणाऱ्या पुष्कळ कंपन्या त्याचा देह स्वतः घडवत नाहीत. तैवानमध्ये क्लेवोसारख्या कंपन्या आहेत, त्या रिकामे देह बनवतात. मग कुणी त्यात आपल्या पसंतीचे अवयव बसवतो, झाकणावर आपले नाव घालतो आणि विकतो. एकच देह एका देशात एका नावाने आणि दुसऱ्या देशात दुसऱ्या नावाने नांदत असतो. पुनर्जन्मावर माझा फारसा विश्वास नव्हता, तो थोडा बसला.

त्याला हवी तशी जुळणी इकडे मिळेना, म्हणून अमेरिकेकडे नजर गेली. आमच्या मेहुण्यांचा पुतण्या न्यू जर्सीत एडिसनला असतो. घरात त्याला सगळे एडिसनकरच म्हणतात. तो दिवाळीला येणारच होता. आपल्याकडे अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप जकातीवाचून आणता येतो. तेव्हा एक त्याचा आणि एक बायकोच्या नावावर आमचा, असा हिशेब बसला. विमानात शंभर वॉट-तासांवरची बॅटरी न्यायची तर विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणून कारखानदार मोठ्या लॅपटॉपात नव्याण्णवची बसवतात. नव्याण्णव ही बाटाच्या चपलांखेरीज आणखी कुठे उपयोगी पडते, हे मला नव्यानेच कळले.

लॅपटॉप आला. पैसे मेहुण्यांच्या एका मोडलेल्या ठेवीतले आणि उरलेले भाच्याच्या दोन वर्षांच्या शिकवण्यांतले. नाव मांडीवरचे, पण मांडीवर ठेवला तर मांडी भाजून निघेल. सोबतचा चार्जर विटेएवढा, आणि त्याची पिन अमेरिकन, म्हणजे आपल्या भिंतीतल्या भोकांशी तिची जन्माची ओळख नाही. पण चार्जरवर शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट असे छापले होते, तेव्हा फक्त वायर बदलली आणि आमचे दोनशे तीस व्होल्ट त्याने विनातक्रार पचवले. यंत्रे माणसांपेक्षा लवकर रुळतात.

चार महिन्यांत भाच्याने त्यात मेमरी वाढवली. मग एसएसडी बदलली. ग्राफिक्सची चिप तेवढी बदलता येत नव्हती, कारण ती बोर्डावर कायमची झाळलेली. आमचे मेहुणे हिशेबतपासनीस आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, "मेमरी नवी, डिस्क नवी, उद्या बॅटरीही नवी येईल. मग मी ठेव मोडून घेतला तो लॅपटॉप नेमका कुठे आहे?"

हा प्रश्न मेहुण्यांना वाटतो तितका नवा नाही. मिलिंदपञ्हात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला हेच विचारतो. महाराज, आपण रथात बसून आलात. मग रथ म्हणजे आस का? चाके का? जू का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. तिकडे ग्रीकांनी थीसियसचे जहाज एकेक कुजकी फळी बदलत जपले आणि तत्त्वज्ञांना भांडायला कायमचा विषय दिला, असे प्लुटार्क सांगतो. आपल्याकडे आजीची गोधडी असते. वरचे लुगडे फाटले की नवे लुगडे, टाके उसवले की नवे टाके. तीस वर्षांनी तिच्यात मूळची एक चिंधी उरत नाही, तरी ती आजीचीच. का? तर ज्या हातांनी ती उसवायची त्याच हातांनी ती पुन्हा शिवली जायची. माझ्या मते मालकीची खूण हीच. जी वस्तू आपल्याला उघडता येते ती आपली. जी उघडायची चोरी, ती आपल्याकडे नुसती मुक्कामाला असते.

आणि चोरी कशाची? तर हमीची! पुष्कळ वस्तूंच्या पाठीवर चिमुकली चिकटपट्टी असते. ही फाडल्यास हमी रद्द. म्हणजे हमी हवी तर मालक व्हायचे नाही, आणि मालक व्हायचे तर हमी सोडायची. अमेरिकेत १९७५ सालापासून हमीचा वेगळा कायदा आहे आणि त्याच्या आधारे तिथल्या व्यापार आयोगाने २०१८ साली सहा कंपन्यांना अशा धमक्यांबद्दल पत्रे लिहून समज दिली. २०२१ पासून तिथे फ्रेमवर्क नावाची कंपनी असे लॅपटॉप विकते की जे गिऱ्हाइकाने उघडावेत म्हणूनच बनवलेले असतात. आपल्या सरकारनेही २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. हे सगळे भाच्याने मेहुण्यांना ऐकवले. मेहुणे म्हणाले, "छान! पण तुझा तो अमेरिकेतला कायदा एडिसनकराच्या बॅगेतून आला का?"

नव्हता आला. ते जूनमध्ये सिद्ध झाले.

जूनमध्ये लॅपटॉपाचा एक पंखा खिडकीत कबुतर अडकल्यासारखा आवाज करू लागला. भाच्याने कंपनीला लिहिले. उत्तर इतके गोड आले की ते वाचून मलाच काहीतरी विकत घ्यावेसे वाटले. हमी पूर्ण शाबूत आहे, असे त्यात होते. फक्त ती खरेदीच्या देशापुरती आहे. आपण लॅपटॉप आमच्याकडे पाठवावा, जाण्यायेण्याचे भाडे आपले, कस्टमचे कागद आपले. इकडे कुरियरवाल्याने 'बॅटरी' हा शब्द ऐकताच पार्सल हलकेच आमच्या बाजूला सरकवले.

आता गंमत पाहा. पंखा तैवान, अमेरिका करत समुद्र ओलांडून आला. त्याच्याबद्दल दिलेला शब्द मात्र किनाऱ्यावरच राहिला. दुरुस्तीला माणूस पाठवता येत नाही, हे मी समजू शकतो. पण 'ही वस्तू आम्ही नीट बनवली आहे' हे विधान न्यू जर्सीत खरे आणि नारायण पेठेत गैरलागू, हे कसे? खरेपणाला व्हिसा लागतो, असे मी तरी कुठल्या नीतिशास्त्रात वाचलेले नाही.

खरा पेच पुढे आला. एडिसनकराला ही बातमी लागली आणि त्याचा फोन आला, "काका, पंख्याचे पैसे मी पाठवतो. शेवटी मीच आणला ना!"

यावर आमच्या घरात दोन तट पडले. मेहुणे म्हणाले, "बरोबरच आहे. बिल त्याच्या नावाचं, कंपनी त्याच्या गावची. तो एक प्रकारे जामीनच." आमची बहीण भडकली. "अहो, त्याने आपली बॅग रिकामी ठेवून तुमचं ओझं वाहिलं. बायकोच्या लोणच्याच्या बरण्या इथेच राहिल्या परत जाताना, पुढच्या वेळी ते तरी आणतील का? उपकार करणाऱ्याने दंडही भरायचा?"

मी मनातून बहिणीच्या बाजूला होतो, कारण मला मस्कतकर आठवले. १९८० च्या दशकात आमच्या गल्लीतले एक गृहस्थ मस्कतला नोकरीला होते. सुट्टीवर येताना कुणाला टेपरेकॉर्डर आण, कुणाला घड्याळ आण. त्या काळी फॉरेनच्या मालाची वॉरंटी कुणी विचारत नसे, कारण आणणारा माणूसच वॉरंटी असे. पुढच्या सुट्टीत ते आले की त्यांच्या ओट्यावर बिघडलेल्या टेपरेकॉर्डरांची रांग लागे. ते बिचारे ओशाळे होऊन प्रत्येकाची कॅसेट पेन्सिलीने गुंडाळून देत. हळूहळू ते वस्तू आणीनासे झाले. मग सुट्टीत सासुरवाडीलाच उतरू लागले. लोक म्हणाले, पैसा आला आणि माणूस बदलला.

माणूस बदलला नव्हता हो! तो सापडत होता, एवढाच त्याचा गुन्हा. जगाची रीतच अशी दिसते की दोष ज्याचा तो लांब असतो आणि सापडणारा जवळ असतो. मग राग जवळच्यावर निघतो. टेपरेकॉर्डर बनवणाऱ्याला जपानपर्यंत जाऊन कोण जाब विचारणार? मस्कतकर काय, दूध आणायला निघाले की कोपऱ्यावर गाठता येत.

पंख्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. भाच्याने मागचे दहा स्क्रू काढले, पंखा सोडवला आणि आम्ही दोघे तो रुमालात गुंडाळून तपकीर गल्लीत गेलो. चार दुकाने फिरलो. पाचव्या टपरीएवढ्या दुकानातल्या माणसाने पंखा उलटा केला, मागचा आकडा वाचला, तारा मोजल्या.

"कंपनीचं नाव सांगू का?" भाच्याने विचारले.

"नाव कशाला? पंख्याला नाव नसतं, नंबर असतो. शनिवारी या."

शनिवारी पंखा मिळाला. मी सवयीने विचारले, "याची गॅरंटी किती?"

त्याने माझ्याकडे पाहिले. "काका, गॅरंटी काय, मी रोज इथंच बसतो."

कागद नाही, शिक्का नाही, अटी नाहीत. पण हमी या शब्दाची याहून चोख व्याख्या मला माहीत नाही. काही झाले तर मी सापडेन, एवढाच तिचा अर्थ. ही हमी देण्याचा धंदा त्याने स्वतः पत्करला आहे, त्याचे तो पैसे घेतो, आणि म्हणून त्याला जाब विचारण्यात अन्याय नाही. एडिसनकराने असे काहीच पत्करले नव्हते. त्याने फक्त प्रेमापोटी तीन-चार किलो वजन वाहिले. त्याचे सापडणे ही नात्याची देणगी होती, तिला आपण जामीनकी म्हणू लागलो तर पुढे तो सापडणार नाही, आणि तेव्हा 'माणूस बदलला' म्हणायला आपण मोकळे.

म्हणून माझे मत असे झाले आहे की वस्तू विकत घेणे पैसे दिल्यावर पुरे होत नाही. ज्याने ती आणली, सुचवली, वाहिली, त्याला आपण मोकळे करतो तेव्हा ते पुरे होते. 'इथून पुढे हिचे बरेवाईट आमचे' हे वाक्य खोके उघडण्याआधी मोठ्याने म्हणावे. मुंजीत भिक्षावळ असते, लग्नात कन्यादान असते, तसा लॅपटॉपाच्या गृहप्रवेशाला हा विधी ठेवायला हरकत नाही. कंपनीला मात्र मुळीच मोकळे करू नये. तिला पत्रे लिहीत राहावे. भाचा अजून लिहितो, आणि तिची उत्तरे अजून तितकीच गोड येतात.

फोनवर एडिसनकराशी शेवटी भाचाच बोलला. म्हणाला, "दादा, पैसे नकोत. लॅपटॉप माझा आहे." मेहुणे शेजारीच बसले होते. ठेव त्यांची होती, पण त्यांनी हे वाक्य दुरुस्त केले नाही. हिशेबतपासनिसाने एक चूक नोंद दिसत असताना तशीच सोडून दिली, हे मी आयुष्यात प्रथमच पाहिले.

यंदाच्या दिवाळीला एडिसनकर येणार आहे. मेहुण्यांना त्याच्याकडून दाढीचे इलेक्ट्रिक यंत्र मागवायचे आहे. बहीण म्हणते, खुशाल मागवा. फक्त आधी लोणच्याच्या बरण्या भरा.