वाड्याला कोण विचारतं?

जुन्या वाड्याला तीन शत्रू असतात: पाऊस, पिंपळ आणि भाऊबंदकी. अलीकडे त्यांत चौथ्याची भर पडली आहे, ती सिनेमावाल्याची. पहिले तिघे न सांगता येतात. हा परवानगी काढून येतो, आठ दिवस गावाला चहा-नाश्ता घालतो आणि जाताना सरपंचांबरोबर फोटो काढतो. त्यामुळे याला शत्रू म्हणावं की सोयरा, हे अजून कोणाचं ठरत नाही.

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेवरचा देखणा घाट आहे. ज्या नानांनी आपल्या मनाचा थांग कोणाला लागू दिला नाही, त्यांच्या घाटाला २००४ साली 'स्वदेस'साठी उत्तर प्रदेशातलं चरणपूर व्हावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी 'गंगाजल'साठी वाई थेट बिहारात जाऊन आली. आमच्याकडे कारकुनाची बदली लातूरला झाली तरी घरात दोन दिवस चूल पेटत नाही. वाईकरांनी अख्खं गाव बिहारात धाडलं आणि वर गर्दी करून पाहिलं!

यात वाईट काय? सोंग घेणं हा नटाचा धर्मच आहे. पण नट रात्री तोंड धुऊन घरी जातो. वाड्याला तोंड धुता येत नाही. जुनी भिंत चुन्याची असते आणि चुना श्वास घेतो; आत मुरलेली ओल हळूहळू बाहेर सोडतो. तिच्यावर शोभेसाठी ऑइलपेंट फासला की ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांत पोपडे धरतात. सागवानी तुळईत दिव्यासाठी मारलेला खिळा शूटिंग संपलं म्हणून भरून येत नाही.

कायदे आहेत. केंद्राचा १९५८चा, राज्याचा १९६०चा. संरक्षित स्मारकात शूटिंगला परवाना लागतो. पण बहुतेक वाडे त्या यादीतच नाहीत. तिथे मालकाची संमती पुरते. आणि मालक म्हणजे सतरा चुलतभाऊ, त्यांतले पंधरा पुण्यात.

तरीही सिनेमावाल्याला एकदम वेशीबाहेर काढायला मी तयार नाही. भिंतीला खिळा लागला की आपण संस्कृती-संस्कृती म्हणून ओरडतो. त्याच भिंतीत वीस वर्षं पिंपळ वाढत असतो, तेव्हा आपण त्याला प्रदक्षिणा घालतो. पिंपळाला परवाना लागत नाही आणि तो भाडंही देत नाही. कॅमेरा निदान भाडं देतो. प्रश्न एवढाच, की ते भाडं चुलतभावांना जातं की चुन्याला?

आमच्या इंदापूर-बारामतीकडे कंपनीची वाट बघावी लागत नाही. कंपनी ज्याच्या-त्याच्या खिशात असते. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. माणसं उठून वर आली, पळसनाथाचं देऊळ तिथेच राहिलं. एरवी ते पाण्यात असतं. कडक उन्हाळ्यात धरण 'वजा'मध्ये गेलं, म्हणजे उपयोगी साठा संपून मृत साठ्याला हात लागला, की देऊळ वर येतं. २०२४च्या उन्हाळ्यातही आलं. मग होड्या, ड्रोन आणि लग्नाआधीच्या फोटोंसाठी नटलेली जोडपी! पाणी जितकं खाली, तितकी हौस वर. ज्याचा ऊस वाळतो तो आभाळाकडे बघतो आणि फोटोवाला म्हणतो, "काय सुंदर लाइट आहे!"

त्या जोडप्यांचा मला राग नाही. चार दशकांनी देवाला माणसं भेटतात, यात पाप कसलं? पण पायरीवर पाय ठेवून हसताना, या पायरीवर कोण बसायचं आणि ते आता कुठे राहतात, एवढं तरी विचारावं. नाहीतर आपण देवळात गेलोच नाही, नुसते पडद्यापुढे उभे राहिलो.

दुसऱ्याच्या घरी जेवताना आपण जी रीत पाळतो, तीच इथे पुरेल. विचारून आत जावं, भांडीकुंडी फोडू नयेत, आणि उठताना घरातल्या पोराच्या हातावर काहीतरी ठेवावं. वाड्याच्या बाबतीत ते पोर म्हणजे त्याची ढासळती भिंत. आणि त्या भिंतीचं गाव पडद्यावर दुसऱ्याच नावानं वावरणार असेल, तर शेवटच्या पाट्यांत तिचं खरं नाव जरा मोठ्या अक्षरांत द्यावं. लोक खुर्च्यांवरून उठायच्या आत.