शौर्य आणि पक्षनिष्ठा

देशासाठी रणांगणावर उभ्या राहिलेल्या माणसाचे ऋण समाजाने मानावे, याविषयी दुमत नसावे. परंतु तोच माणूस उद्या विरुद्ध पक्षाचा उमेदवार म्हणून समोर आला, तर ते ऋण फिटले असे समजावयाचे काय? अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांनी हा प्रश्न वारंवार उभा केला आहे.

त्या देशात सैनिकी सेवेचा मान मोठा. १९४५ पासून १९९३ च्या आरंभापर्यंत, ट्रूमनपासून थोरल्या बुशपर्यंत, जे नऊ अध्यक्ष झाले त्यांतील प्रत्येकाने केव्हा ना केव्हा लष्करी गणवेश चढविला होता. १९९२ साली बिल क्लिंटन उभे राहिले. व्हिएतनामच्या काळातील सक्तीची भरती त्यांनी टाळली होती. हा मनुष्य सरसेनापती होण्यास अपात्र आहे, असे रिपब्लिकन म्हणू लागले. जुनी प्रकरणे कशाला उकरता, असे डेमोक्रॅटांचे उत्तर होते. पुढे २००४ साली डेमोक्रॅटांनी जॉन केरी यांना उभे केले. व्हिएतनाममध्ये सिल्व्हर स्टार आणि तीन पर्पल हार्ट मिळविलेला हा माणूस. आता डेमोक्रॅट पदके पुढे करू लागले आणि प्रतिपक्षाच्या समर्थकांना त्या पदकांचीच शंका येऊ लागली. बारा वर्षांत दोन्ही पक्षांनी आपापल्या जागा बदलल्या होत्या.

येथे पुढाऱ्यांना ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण विवेक करावयास हवा. मत हे शौर्याचे बक्षीस नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये कायमचे जायबंदी झालेले बॉब डोल १९९६ साली क्लिंटन यांच्याकडून पराभूत झाले. म्हणून मतदार कृतघ्न ठरत नाहीत. केरी यांनी १९७१ साली सेनेटच्या समितीपुढे त्या युद्धाविरुद्ध साक्ष दिली होती. तिचा राग धरण्याचा अधिकार माजी सैनिकांना होताच. परंतु त्या साक्षीचा राग पदकांवर काढणे, ही निराळी गोष्ट होय. मत नाकारणे हा नागरिकाचा हक्क आहे. मत नाकारता यावे म्हणून घडलेले कृत्यच नाकारणे हा अन्याय आहे.

या अन्यायाला रणांगणावरील धैर्य पुरे पडत नाही, हे आयसेनहॉवर यांच्या उदाहरणाने दिसते. जनरल मार्शल हे त्यांचे वरिष्ठ. त्यांनीच त्यांना वर आणले. सेनेटर मॅकार्थी यांनी १९५१ साली मार्शल यांच्यावर राष्ट्रघातकी कटाचा आरोप केला. १९५२ च्या ऑक्टोबरात मिल्वॉकी येथील भाषणात मार्शल यांची बाजू घेणारा परिच्छेद आयसेनहॉवर यांनी घातला होता. तो प्रांत मॅकार्थी यांचा. पक्षाच्या हितासाठी तो परिच्छेद गाळावा, असा सल्ला मिळाला आणि तो गाळला गेला. नॉर्मंडीच्या स्वारीचा आदेश देणाऱ्या सेनापतीला आपल्याच मंडपात चार वाक्ये बोलणे कठीण गेले.

याच्या उलट जॉन मॅकेन. साडेपाच वर्षे व्हिएतनाममध्ये कैद भोगलेला हा रिपब्लिकन २००४ साली धाकट्या बुश यांच्याच बाजूचा होता. तरी केरी यांच्यावरील जाहिरातींचा त्यांनी उघड निषेध केला. त्यासाठी त्यांनी पक्ष सोडला नाही, की आपले मतही बदलले नाही. २०१५ साली ट्रम्प यांनी मॅकेन यांच्याच शौर्याची टर उडविली आणि पुढच्या वर्षी त्याच पक्षाने ट्रम्प यांना उमेदवारी दिली.

आम्ही सरकारी नोकर. मंत्री कोणत्याही पक्षाचा येवो, टिपणी वस्तुस्थितीलाच धरून लिहावयाची, हा आमच्या पेशाचा धर्म. तेव्हा पक्षांच्या झगड्यात आम्हांस काही करावयाचे नसले, तरी एवढे कळते की, नोंद एकदा खरी झाली की ती कोणाच्या सोयीसाठी खोडावयाची नसते. प्रतिपक्षाच्या माणसाचे शौर्य हीदेखील अशीच एक नोंद आहे.