कुलूप आणि नियत

पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे कुलूप आपणच तोडले, तर ती चोरी होते काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आम्ही भोरला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. 'हक' आणि 'अमानत' या शब्दांचा अर्थ मुलांना समजावताना एका जुन्या खेळयंत्राचे उदाहरण आम्हाला फार उपयोगी वाटते.

सोनी कंपनीचे पहिले प्लेस्टेशन १९९४ साली जपानात निघाले. दहा कोटींहून अधिक नग खपले आणि २००६ साली त्याचे उत्पादन थांबले. त्याच्या अस्सल सीडीवर आतल्या कडेला अगदी बारीक नागमोडी खूण असे. तिच्यातून यंत्राला चार अक्षरे मिळत. जपान, अमेरिका, युरोप यांची अक्षरे वेगवेगळी. ती जुळली तरच खेळ सुरू होई. घरच्या सीडी रायटरला ही खूण उमटवता येत नाही, म्हणून नक्कल चालत नसे. पुढे 'मॉडचिप' आली. ती हीच अक्षरे यंत्राला परस्पर पुरवू लागली. २०२१ साली तर यंत्र न खोलता, केवळ मेमरी कार्डाच्या मदतीने हे कुलूप उघडण्याची युक्ती जाहीर झाली.

समजा, मामूंनी अमेरिकेहून यंत्र आणले आणि चाचांनी युरोपातली सीडी. दोन्हींचे दाम दिलेले, तरी खेळ चालत नाही. किंवा सीडीवर ओरखडे पडले आणि नवी मिळत नाही. अशा वेळी मालकाने कुलूप उघडले, तर आमच्या मते कुणाचाच हक मारला जात नाही. पण त्याच चिपवर फुटपाथवरची नकली सीडीही चालते. तिथे खेळ रचणाऱ्यांची, चित्रकारांची, संगीतकारांची मेहनत बुडते. चिपला हा फरक कळत नाही. तो माणसानेच करायचा.

आपला कायदाही इरादा पाहतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, हक्कभंगाच्या इराद्याने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उलट, संगणक प्रोग्रामची प्रत रीतसर बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचावासाठी जादा प्रत ठेवण्याची मुभा त्याच कायद्यात आहे.

यावर कुणी म्हणेल, "कंपनी श्रीमंत आहे, खेळ जुना आहे, हरकत काय?" पण श्रीमंताचा हक हाही हकच असतो आणि जुने झाले म्हणून काही बेवारस होत नाही. आपल्यातलाच एखादा लेखक पदरमोड करून पुस्तक काढतो आणि आपण त्याच्या झेरॉक्स प्रती वाटतो. त्याला आपण वाचनप्रेम म्हणतो. लेखक काय म्हणेल?

म्हणून आम्ही मुलांना एकच कसोटी सांगतो. ज्याने ही वस्तू घडवली, तो समोर बसला असता तर हे काम त्याच्यादेखत करता आले असते काय? आले असते, तर खुशाल करावे.